आंबेरखोलच्या पायपेटीची डावी बाजू

खूप मागची गोष्ट. आंबेरखोलला रस्ता नव्हता, पण देवीच्या जत्रेला नाटक होतं, आणि नाटकाला दोन माणसांत मिळून एक पायपेटी, पायानं भाता मारायची बाजाची पेटी, होती. बाकावर डावीकडे पेद्रू बसायचा, उजवीकडे नारबा गुरव. पेद्रूचा हात बैलासारखा एका चालीनं चालायचा आणि नारबाचा त्यावर आडव्यातिडव्या उड्या मारायचा. ऐकणाऱ्याचे पाय जागेवर राहत नसत, असं म्हणतात.

चाली दोघांनी मिळून रचलेल्या. पण खुळे कुठले! कागदावर एक अक्षर नाही, आणि एकानं दुसऱ्याचा भाग शिकायचा नाही, अशी शपथ. भांडण झालं तरी कुणाला एकट्यानं उठून जाता येऊ नये म्हणून.

भांडण नाही झालं. पेद्रू तापानं गेला. नारबानं हाय खाल्ली आणि तो विसरायला लागला. आधी नावं, मग घरची वाट, मग चाली.

"वहिनी, अर्धं त्यानं नेलं," तो पेद्रूच्या बायकोला, रोझीनला म्हणायचा. "उरलेलं माझ्याकडून सांडलं तर पेद्रू पुरताच गेला गं."

जत्रेच्या दिवशी, उन्हं कलताना, शेवटच्या गाण्याला नारबाचे हात पेटीवर गेले आणि डोकं कोरं झालं. नट थांबले. तेवढ्यात पेटीची डावी पायफळी आपोआप दबली. डावीकडच्या पट्ट्या एकेक करून खाली जायला लागल्या. बाकावर तर कुणीच नव्हतं! बायकांनी पोरं पोटाशी धरली. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला.

नारबानं रिकाम्या जागेकडे बघितलं. "शेजारी कोण बसलंय?"

रोझीन पुढे आली. "पेद्रू, नारबादादा. तुमचा दोस्त."

"मला नाही आठवत. पण तो माझ्यासाठी थांबलाय, म्हणजे मला वाजवता येत असणार."

आणि त्यानं हात टाकला. गाणं शेवटापर्यंत गेलं.

तेव्हापासून शेवटच्या गाण्याला वाजवणारा एकटाच उजवीकडे बसतो आणि विचारतो, "शेजारी कोण बसलंय?" अख्खा मंडप ओरडतो, "पेद्रू!" मग डावी फळी हलते, असं म्हणतात.

एका साली बाहेरगावच्या एका शहाण्या पेटीवाल्यानं विचारलंच नाही. पेटी मुकी राहिली. मग रिकाम्या डाव्या बाजूनं कुणीतरी हळूच विचारलं, "शेजारी कोण बसलंय?"

शेवटी एक म्हातारी ओरडली, "नारबा आहे रे बाबा, नारबा!" तेव्हा कुठे सूर लागला.

आता आम्ही दोन्ही नावं घेतो. वाजवणारा कुणी का असेना.