ठकूच्या गुलाबाच्या छाटणीची कहाणी

ऐक गुलाबबाई, तुझी कहाणी. आटोपशीर एक नगर होतं, दारोदारी फुलझाडं होती. तिथं सुमित्रा नावाची शिकलेली बाई होती. तिला एका काळजीनं झोप येईना. लेकीच्या, ठकूच्या बारशाला तिनं अंगणात कलमी गुलाब लावला होता. पाच वर्षं झाली, झाड छपराला टेकलं, पण फूल धरीना.

सासू म्हणाली, "अगं, छाट त्याला." सुमित्रानं पुस्तकातली छाटणी तीनदा वाचली, तीनदा कात्री उचलली, तीनदा खाली ठेवली. लेकीच्या नावचं झाड. त्याला लोखंड लावलं आणि लेकीला काही झालं तर? त्याच भीतीनं तिनं ठकूचं जावळही काढलं नव्हतं. पोर झुलपांतून जग बघायची.

मग सुमित्रानं झाडाला ताक घातलं, फूल आलं नाही. मग चहाचा चोथा घातला, फूल आलं नाही. मग बुडातून एक फुटवा तरारून वर आला. तिला कोण आनंद. त्याला काठी बांधली, हळदकुंकू वाहिलं. फुटवा वाढला, फूल नाहीच.

दसरा झाला, पाऊस सरला. दारी सगुणा माळीण आली. बघून हसली. "बाई बाई, पूजा कुणाची करतेस? हा कलमाखालचा जंगली फुटवा. तुझ्या गुलाबाच्या तोंडचा घास हाच खातो."

सुमित्रा वरमली. "मग मी काय करू?"

"छाटणीचा वसा घे."

"तो वसा कसा घ्यावा?"

"आधी जंगली फुटवा मुळापासून उपटावा. मग वाळलेलं काढावं, मग आत वळलेलं काढावं. फांदीवरच्या बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, जरा वर तिरका काप द्यावा. पाच फांद्या राखाव्या. कापांना शेण लिंपावं, बुडाशी शेणखत घालावं. भिऊ नको, थिजू नको, घेतली कात्री टाकू नको."

सुमित्रानं वसा घेतला. जंगली फुटवा उपटला, फांद्या कापल्या. ठकू शेजारी बसून शेण लिंपत होती. तिसऱ्या दिवशी ठकूला ताप भरला. सुमित्रा धावत माळणीकडे गेली. "माझ्याच हातानं झालं हे."

माळीण म्हणाली, "आळीत चार घरी ताप आहे. त्यांनी कुठं गुलाब छाटले?"

मग ताप उतरला. मग खुंटांवर लाल कोंब फुटले. मग पानं आली, मग कळ्या. मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी सकाळी बघते तो काय, पाची फांद्यांवर गुलाब, ताटाएवढे नव्हे, पण वाटीएवढे खरेच. सुमित्रा पूजेचं तबक तसंच टाकून धावली, सासूला हाताला धरून अंगणात घेऊन आली, पुन्हा पुन्हा फुलं मोजू लागली.

जशी गुलाबबाई फुलली, तशी तुमची आमची अंगणं फुलोत. साठ फांद्यांची कहाणी पाच फांद्यांवर आली, सुफळ झाली. इथं संपूर्ण म्हणायचं, पण तेवढ्यात ठकूनं कात्री आणून आईच्या हातात दिली. म्हणाली, "आई, आता माझे केस काप. शेण मात्र लावू नकोस."