लेकीचा घडा

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा राजवाड्याच्या अंगणातसुद्धा लोकांच्या पायांत काटे मोडायचे आणि चपला मोजक्यांनाच मिळायच्या, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकत नसल्याचं सोंग करून ऐकावी.

एका नदीच्या वरच्या अंगाला एक गाव होतं. कातडं कमावायचं आणि चपला करायच्या, हा गावाचा धंदा. चपलाही अशा, की माणूस दिसायच्या आधी त्याच्या चपलांची करकर ऐकू यायची.

या गावाची एक जुनी रीत होती. लेकी द्यायच्या त्या नदीच्या खालच्या अंगाच्या गावांत. लेक माहेरी येताना सासरच्या घाटावरून घडा भरून आणायची. बापाने उंबऱ्यावर त्यातलं ओंजळभर पाणी प्यायचं, मगच लेकीने घरात पाऊल टाकायचं. ही रीत कोणी घातली आणि कशासाठी, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. वाडवडील पाळत आले म्हणून सगळे पाळत होते.

गावात राघूजी नावाचा कारागीर होता. नवं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. त्याची एकुलती एक लेक हौसा खालच्या गावात दिली होती, आणि पहिल्या बाळंतपणाला ती लवकरच येणार होती.

एके दिवशी गावात दवंडी पिटली गेली.

"ऐका हो ऐका! राज्यात एकही पाय अनवाणी राहू नये, असा राणीसाहेबांचा हुकूम आहे! दसऱ्याला चपलांच्या गाड्या राजवाड्यावर आणा. ज्या गावाचं काम पसंत पडेल, राज्याच्या चपला पुढे त्याच गावाने करायच्या. कुणाचंच पसंत पडलं नाही, तर परदेशातून गलबतं भरून चपला येतील!"

गावात नुसती धांदल उडाली. काम मिळालं तर सगळ्यांचं भलं, आणि गलबतं आली तर धंदा कायमचा बुडणार. पण राघूजीला भीती वाटलीच नाही. तो इतका हरखला, की त्या दिवशी जेवायचंच विसरला.

त्याने नदीवर पाणचक्की बसवली. चक्की फिरली की मुसळं धडाधड खाली यायची आणि कातडं कमावायला लागणाऱ्या बाभळीच्या सालीचा नि हिरड्याचा भुगा व्हायचा. त्याच चक्कीवर एक मोठं लाकडी पिंप गरगरायचं, त्यात कातडी आणि सालीचं पाणी. महिनोन्‌महिने कुंडात भिजणारं कातडं आता आठवड्यांत तयार होऊ लागलं. गाव बघायला लोटलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात एक फिरता व्यापारी आला. त्याच्यापाशी निळी भुकटी होती. "ही टाका पिंपात. साल नको, हिरडा नको. आज घातलेलं कातडं उद्या तयार!"

तसंच झालं. कातडं खरोखर उद्या तयार झालं. राघूजीला आकाश ठेंगणं झालं. निळसर पाणी पिंपातून सुटायचं आणि नदीत जायचं. ते गावात थोडंच थांबणार होतं! ते खाली वाहून जायचं, आणि खाली बघायला कुणाला उसंत होती?

चपलांचे ढीग छपराला टेकले, आणि दारात बैलगाडी थांबली. हौसा उतरली. डोळे खोल गेलेले, हाता-पायांवर पुरळ उठलेलं. कमरेवर घडा होता.

राघूजी हसत उंबऱ्यावर आला. त्याने रीतीप्रमाणे ओंजळ पुढे केली. पाणी ओतलं गेलं. त्याला उग्र दर्प होता आणि ते निळसर होतं.

राघूजीने ओंजळ ओठांशी नेली. तशी हौसाने त्याच्या हातावर झडप घातली.

"आबा, नगा पिऊ!"

"अगं, रीत हाय आपली."

"रीत ऱ्हाऊ द्या. ह्यानं पोटात ढवळतंय."

"मग तू काय पितीस?"

"ह्येच की," हौसा म्हणाली. "आमच्या घाटावर दुसरं येतंय कुठनं?"

ओंजळ सुटली. रीत कुणी आणि का घातली, हे राघूजीला त्या क्षणी कळलं. ज्या पाण्यात आपण हात धुतो, ते आपल्या लेकीच्या घड्यात जातं, हे विसरू नये म्हणून. तो उंबऱ्यावरच बसला आणि लहान मुलासारखा रडला.

गाव जमलं. कुणीतरी ओरडलं, "मोडा ती चक्की! तिच्यापायीच झालं ह्ये!"

राघूजी डोळे पुसून उठला. "चक्कीनं काय घोडं मारलंय? भुकटी फेका. चक्की ऱ्हाऊ द्या, तिला आणखी काम लावू!"

आणि मग काय धमाल उडाली म्हणता! निळ्या कातड्याच्या सगळ्या चपला बाजूला काढल्या. पिंपात पुन्हा साल आणि हिरडा पडला. चक्कीला मडक्यांची माळ बांधली, ती वापरलेलं पाणी उचलून वर न्यायची. तिथून ते वाळूच्या आणि कोळशाच्या खड्ड्यांतून झिरपायचं, लव्हाळ्याच्या वाफ्यांतून सरकायचं आणि परत पिंपात यायचं. उरलेली साल चुलीत गेली. कातरणाच्या तुकड्यांतून इवल्या इवल्या चपला निघाल्या. खालच्या गावांचे जावईसुद्धा खड्डे खणायला आले, आणि सासऱ्यांना कामाला लावण्याची हौस त्यांनी पुरेपूर भागवून घेतली.

दसरा उजाडला. राजवाड्यापुढे दुसऱ्या एका गावाच्या चपलांच्या गाड्यांची रांग लागली होती. राघूजीच्या गावाची एकच गाडी, तीही अर्धी भरलेली. लोक हसले.

राघूजीने गाडीतून एक घडा उतरवला. "राणीसाहेब, हा चपलांच्या सोबत. आमच्या खालच्या घाटाचं पाणी हाय." आणि सगळ्यांदेखत तो ते घटाघटा प्यायला.

राणीने राघूजीच्या गाडीतल्या चपला पायात घातल्या. करकर करत ती त्या लांबलचक रांगेपाशी गेली आणि तिथल्या प्रमुखाला म्हणाली, "तुमच्या खालच्या घाटाचा घडा कुठे आहे?"

प्रमुखाने हात पाठीमागे लपवले. त्याच्या नखांत निळा रंग होता.

राणीने राघूजीच्या गावाचं काम पसंत केलं आणि हुकूम काढला. घड्यावाचून यापुढे चपला घ्यायच्या नाहीत, आणि राघूजीने गावोगाव जाऊन पाणचक्क्या बसवायला आणि पाणी गाळायला शिकवायचं. गलबतांची गरज पडली नाही. थोडा उशीर झाला खरा, पण राज्यातला शेवटचा अनवाणी पायसुद्धा करकरू लागला.

पुढे हौसा पुन्हा माहेरी आली तेव्हा तिचं लेकरू पुढे चालत होतं. पायांत कातरणाच्या चपला, आणि इवलीशी करकर. राघूजीने उंबऱ्यावर ओंजळ धरली नाही. त्याने सबंध घडाच तोंडाला लावला.

बोध: जी प्रगती खालच्या घाटावरच्या लेकीचं पाणी निर्मळ ठेवते, तीच खरी प्रगती.