मनीचं आजोळ

प्राणी माणसांशी बोलायचे त्या काळी चंपूताईंनी बिबट्यासारख्या ठिपक्यांचं मांजराचं पिल्लू आणलं. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका जळून खाक व्हाव्यात, एवढाच हेतू.

हळदीकुंकवाच्या दिवशी हे पिल्लू, मनी, आधी पाण्याच्या पिंपात मनसोक्त पोहली, मग पडदे फाडत फळीवर चढली आणि तिळगुळाच्या डब्यासकट थेट पाहुण्यांमध्ये उतरली. बायका चपला विसरून पळाल्या.

"अगं, मांडीवर बसायला आणलं होतं तुला," ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

अंग चाटत मनी म्हणाली, "सून आणताना तिच्या आजोळापर्यंत चौकशी केलीत. माझे मात्र नुसते ठिपके बघितलेत. माझी आजी रानमांजर आहे, ताई. उद्या ती नातीचं घर बघायला येतेय."