सगुणाची ओळ

एकदा एका गावाच्या माळावर सीताफळींची बाग होती. ती कुणा एकाच्या मालकीची नव्हती. गावानेच खड्डे खणले, गावानेच पाणी घातले, आणि फळे उतरवायचे दिवस आले की प्रत्येक घरातून एक माणूस टोपली घेऊन माळावर जात असे. मजुरी नाही, मुकादम नाही. झाडांच्या ओळी मात्र घरागणिक ठरलेल्या होत्या. आपली ओळ आपण उतरवायची, संध्याकाळी सगळ्यांचा मिळून एक ढीग करायचा आणि सारखे वाटे घालायचे.

बागेच्या वरच्या अंगाला एक वृद्ध सत्पुरुष राहत. गाव त्यांना बाबा म्हणे. त्यांच्यापाशी एक तरुण शिष्य होता. मनाचा फार हळवा, आणि आपण हळवे आहोत याची त्याला थोडी ऐटही होती.

त्या वर्षी श्रावणात सगुणा नावाच्या बाईचा एकुलता एक मुलगा तापाने गेला. नवरा आधीच गेलेला. गाव चांगले होते, हे आधी सांगते. एकीने भाकरी पोचवली, दुसरीने पाणी भरले, शेजाऱ्याने तिच्या शेळ्या आपल्या शेळ्यांबरोबर चरायला नेल्या. अंगण झाडायलाही कुणी ना कुणी येई. सगुणा उंबऱ्याशी बसून राही. आधी रडायची, मग रडणे थांबले. पुढे बोलणेही थांबले. सकाळची भाकरी संध्याकाळी तशीच झाकलेली सापडे. बायका आपापसांत हळूच म्हणू लागल्या, "ही काही हिवाळा काढत नाही."

फळे उतरवायच्या आदल्या दिवशी शिष्य घरोघर निरोप देत फिरला. सगुणाच्या दारापाशी त्याने पावले हळू केली आणि तसाच पुढे निघून गेला. कशाला त्रास द्यायचा बिचारीला?

दुसऱ्या दिवशी बागेत सगळे जमले. "सगुणाची ओळ आम्ही उतरवतो," चार जण म्हणाले. बाबा म्हणाले, "त्या ओळीला कुणी हात लावायचा नाही." आता याला काय म्हणावे? फळे पिकून त्यांचे डोळे उघडलेले, वर पोपटांची धाड. पण बाबांपुढे कोण बोलणार?

दुपारी शिष्याने वाटे पडायची वाट न पाहता निवडून निवडून मोठी फळे काढली, टोपलीत पाला घालून त्यावर नीट रचली आणि सगुणाच्या घरी निघाला. बाबा त्याच्या मागोमाग चालू लागले. शिष्याने टोपली तिच्यापुढे ठेवली.

"माई, हा तुमचा वाटा. तुम्ही काही करू नका. फक्त विश्रांती घ्या."

सगुणाने मानही वर केली नाही. तेवढ्यात बाबा वाकले आणि त्यांनी ती टोपली उचलून घेतली.

"वाटा कसला? हिने काय काम केलंय?"

शिष्य जागीच थिजला. सगुणाची मान मात्र वर झाली.

"सगुणा, तुझ्या ओळीतली फळं आज उतरली नाहीत तर उद्या झाडावरच फुटतील. मुंगळे लागतील. तुझ्यासाठी सगळं गाव खोळंबलंय."

कित्येक दिवसांनी तिच्या तोंडून शब्द फुटला. "माझं लेकरू गेलं, आणि तुम्हाला फळांची पडलीय?"

"पडलीय."

"मग उतरवा की! गावाला हात नाहीत का?"

"आहेत. पण ओळ तुझी आहे."

दाराची चौकट धरून ती उठली. "एवढी पांढरी दाढी झाली, लाज वाटत नाही?"

"नाही वाटत," बाबा म्हणाले. त्यांनी फळे शिष्याच्या उपरण्यात ओतली आणि रिकामी टोपली तिच्यापुढे धरली. तिने ती हिसकावली आणि बाबांच्या नावाने बोटे मोडत माळाच्या वाटेला लागली. मागून शिष्य, उपरण्यात फळे सांभाळत.

तिला येताना पाहून बागेतले हात थांबले. शेजारच्या ओळीत राहीआत्या होती. वयाने मोठी, जिभेने त्याहून मोठी. ती म्हणाली, "आलीस का गं? मला वाटलं, आता दिवाळीलाच उगवतेस. सकाळपासून तुझ्या झाडांवरचे पोपट हाकलतेय, घसा बसला माझा!"

"तुमचा घसा खरंच बसला असता तर गावाला दोन दिवस सुख लागलं असतं, आत्याबाई."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग कुणीतरी फिसकन हसले आणि सगळी बाग हसली. सगुणा हसली नाही. तिने पहिल्या फळाला हात घातला. फळ निसटले आणि खाली पडून फुटले. शिष्य धावला, तशी बाबांनी त्याचे मनगट धरले. दुसरे फळ तिच्या हातात राहिले.

तिसऱ्या झाडापाशी ती थबकली. त्या झाडाच्या फांदीवर बसून तिचा मुलगा फळे खायचा आणि बिया खाली बायकांच्या अंगावर उडवायचा. तिने खोडाला कपाळ टेकले आणि ती मोठ्याने रडू लागली. राहीआत्याने आपली टोपली खाली ठेवली, जवळ आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग ते झाड दोघींनी मिळून उतरवले.

शिष्याचे डोळे भरले होते. "बाबा, तुम्ही तिला रडवलंत. मी तिला जपत होतो."

"जपत होतास. सगळं गाव जपत होतं," बाबा म्हणाले. "पाणी भरलं, शेळ्या चारल्या, अंगण झाडलं. सगळं मायेनेच केलं. पण तिच्यावाचून अडेल असं एकही काम तिच्यापाशी उरू दिलं नाही. ज्याच्यासाठी ती सकाळी उठायची तो गेला. बाकीचं होतं ते आपण उचलून नेलं. मग तिने उठावं कशासाठी? तिचं दुःख मला घेता येत नाही, तुलाही नाही. तिची ओळ तेवढी तिला परत देता येत होती."

"आणि ती आली नसती तर?"

"तर उद्या पुन्हा गेलो असतो, शिव्या खायला."

दिवस मावळताना वाटे पडले. सगुणा आपली टोपली कमरेवर घेऊन शिष्यापाशी आली.

"खालच्या अंगाची झाडं उद्याच ना? कधी यायचं?"

शिष्याने तिच्याकडे पाहिले. डोळे सुजलेले, हातांवर ओरखडे, पाय थकलेले. 'तुम्ही नका येऊ, माई,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्याने ते गिळले.

"उजाडायच्या आत या," तो म्हणाला. "आणि उशीर करू नका. माणसं कमी पडतायत."

"येते," सगुणा म्हणाली.

आपल्या आळीत असे एखादे घर असेल तर तिथे डबा जरूर पोचवा, पण परत फिरण्याआधी त्या माणसाला एखादे काम सांगून या.