दारांना रंग दिले तेव्हा

त्या मुलखात आवाज आपला आपण चालत नसे. तो कुणीतरी न्यावा लागे. गावातली घरं एका गोल चौकाभोवती भिंतीला भिंत लावून उभी होती. प्रत्येक घराचं एक दार चौकात उघडायचं आणि चौकाच्या मध्यावर हैबती बसायचा. कुणी दाराशी येऊन हाक दिली की तो ती उचलायचा आणि ज्याची त्याच्या दारी पोचवायचा. कोण कुठे राहतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ज्या दारातून ज्याचा आवाज आला ते दार त्याचं, एवढंच तो ध्यानात ठेवी. हाक नेमकी कुणासाठी हे ठाऊक नसलं, तर मात्र ती सगळ्या दारांवर न्यायची अशी रीत होती. त्यामुळे कुणाची शेळी सुटली, कुणाला विस्तव हवा, कुणाचं माणूस गेलं, हे सगळं सगळ्यांना कळे. आणि हाक आल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही, हीही रीतच होती.

गाव वाढलं तसा गलका वाढला. सराफांना कुंभारांच्या शेळ्या ऐकायच्या नव्हत्या. कुंभारांना सराफांच्या सोयरिकी नको होत्या. हैबतीच्या पायांना तर उसंतच नसे. अखेर गावचे कारभारी आले आणि त्यांनी दारं, दाराकडेच्या भिंतीसकट, रंगवून घेतली. काही तांबडी झाली, काही निळी, काही पिवळी.

"भिंत एकही घालायची नाही," ते हैबतीला म्हणाले. "भिंत घातली की लोक तिच्याकडे बोट दाखवतात. तांबड्यांची हाक तांबड्यांकडे, निळ्यांची निळ्यांकडे. एवढं तू पाळायचंस."

"आणि तांबड्याचं निळ्याशीच काम पडलं तर?"

"टेकडीवर आसन बांधतोय. तिथं एक जाणता माणूस बसेल. हाक त्याच्याकडे न्यायची. त्याला रास्त वाटली, तर तो ती दुसऱ्या रंगात उतरवेल."

नदीपलीकडच्या गावाकडे एक रुंद दार उघडत असे. त्याला मात्र रंग दिला नाही. तिथून सगळ्यांच्याच हाका जायच्या. फक्त प्रत्येकीला तिच्या रंगाचा दोरा बांधायचा, म्हणजे पलीकडचा हाक नेणारा तो बघून ती तिथल्या त्याच रंगाच्या दारांवर नेई. अशा रीतीनं निळ्या दाराची हाक नदी ओलांडून जाऊ लागली आणि शेजारच्या तांबड्या दाराशी जाईनाशी झाली.

गाव सुखावलं. हैबतीही सुखावला, खोटं कशाला सांगा. दुपारी त्याला डुलकी घेता येऊ लागली.

मग निळ्या दाराआडच्या रखमाची सून बाळंतपणात गेली. मूल जगलं, पण शेळीचं दूध त्याच्या पोटात ठरेना. रखमा त्याला छातीशी धरून दाराशी आली.

"कुणी अंगावर पाजणारी आहे का गं? नातवाला घोटभर दूध हवंय."

हैबतीनं ती हाक सगळ्या निळ्या दारांवर नेली. कुणी गूळ पाठवला, कुणी मऊ लुगड्याचे तुकडे. पाजणारी कुणी नव्हती. त्यानं हाकेला निळा दोरा बांधून ती नदीपार धाडली. तिकडून उत्तर आलं, तेही निळा दोरा बांधून: आमच्यात कुणी नाही, ऐकून जीव कळवळला.

रखमाच्या शेजारचं घर तांबडं. तिथल्या सगुणेचं मूल नुकतंच दगावलं होतं. ती बातमी तांबड्या दारांवर हैबतीनंच नेली होती, आणि अंगावरचं दूध आटवायला काय करावं, ही तिच्या सासूची विचारणाही. दोन्ही हाका त्याच्या एकट्याच्या कानात होत्या. त्या घेऊन तो टेकडी चढला.

आसन काळ्या दगडाचं होतं, कोरीवकाम सुरेख. त्यावर कुणीच नव्हतं. एक म्हातारा भोवतीची पानं झाडत होता.

"नेमणूक व्हायचीय," तो म्हणाला.

"कधी?"

"ते खाली विचारा."

हैबती खाली आला आणि रखमाची हाक घेऊन सरळ सगुणेच्या दाराशी गेला. असं त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं. हाक ऐकताच सगुणा उठली. तिचे सासरे दुर्गोजी आडवे आले. माणूस वाईट नव्हता.

"कुठल्या रंगाची हाक?"

"निळ्या. पण मूल उपाशी आहे, दुर्गोजी. या भिंतीपलीकडे."

"आज त्यांची हाक आमच्यात आणलीस. उद्या आमच्या घरातलं बोलणं त्यांच्यात नेशील. मग तुझ्यावर भरवसा कुणी ठेवायचा?"



"मामंजी, मी ऐकलंय," सगुणा म्हणाली.

"नाही ऐकलंस, पोरी," ते हळूच म्हणाले. "हाक आलीच नाही."

सगुणा खाली बसली.

हैबती निळ्या दाराशी परतला, तेव्हा रखमा मुलाला पायांवर घेऊन बसली होती. तिनं काही विचारायच्या आधीच त्यानं मान हलवली.

"बरं," ती म्हणाली. मग मुलाला थोपटत म्हणाली, "शेजारच्या सगुणेचेही दिवस भरत आले होते. तिचं सुखरूप झालं का रे?"

हैबती रुंद दाराकडे बघत राहिला. "तांबड्यांचं मला तुम्हाला सांगता येत नाही, रखमाबाई," तो म्हणाला.

रखमा रोज हाक देत राहिली. हाक बारीक होत गेली, आणि मग निळ्या दारातून यायची थांबली.

त्यानंतर कारभारी पाहणीला आले. चौकाच्या मध्यावर डोळे मिटून उभे राहिले. "किती शांत," ते म्हणाले. मग दारं न्याहाळत फिरले. सगुणेच्या तांबड्या आणि रखमाच्या निळ्या दाराच्या मधल्या भिंतीपाशी थांबून ते वाकले. तळाशी तांबडा रंग फुगून पोपडे सुटले होते, आणि आत पांढुरका, आंबूस वासाचा ओलावा दिसत होता. सगुणेला कुठलाच उपाय लागू पडला नव्हता. पिळून काढलेलं दूध पायदळी येऊ नये म्हणून ती ते आतून या भिंतीच्या बुडाशी ओतत असे.

"हे काय?"

"ओल," हैबती म्हणाला.

कारभाऱ्यांनी रंगाचं भांडं मागवून त्याच्या हाती दिलं. हैबती गुडघ्यांवर बसला. ओल्या भिंतीवर रंग धरेना. गुलाबी होऊन ओघळू लागला.

"आणखी एक हात दे," कारभारी म्हणाले.

हैबतीनं दिला.