उजेड पाहण्यापुरते

एकदा एका शहरात छायाचित्रे काढणारे एक वृद्ध गुरू राहत असत. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे मोठमोठ्या मासिकांत आणि जाहिरातींत नाव काढून होती. गुरू स्वतः मात्र आपल्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत लोकांचे पासपोर्टचे फोटो काढीत. वर्षातून एकदा शहरात छायाचित्रांचे प्रदर्शन भरे आणि त्यातली मुख्य भिंत कोणाला द्यायची, हे गुरू ठरवीत. एवढीच काय ती सत्ता त्यांच्याकडे उरली होती. पण त्या भिंतीसाठी भलेभले त्यांच्या पायरीशी चपला काढून आत येत.

गुरूंची एक पद्धत होती. दिवे लावून उजेड जमवायचा असला, की ते स्टुलावर माणूस कधी बसवीत नसत. तिथे पाण्याचा माठ ठेवीत, माठाला आपला मफलर गुंडाळीत, आणि त्याच्याकडे बघत दिवे मागेपुढे करीत. उजेड मनासारखा पडला, की मग गिऱ्हाईकाला हाक. शिकायला येणारी मुले हसत. "गुरुजी, माठाला सर्दी झालीय का?"

"झाली तरी तो सांगणार नाही," गुरू म्हणत. "माणसंही सांगत नाहीत. पण माणूस उगाच ताटकळतो."

या मुलांमधला एक शिष्य पुढे फार यशस्वी झाला. त्याचा स्वतःचा मोठा स्टुडिओ होता, त्यात गार हवा होती, आणि त्याच्या डोक्यावर दाट काळे केस होते. केस त्याचे नव्हते. हे सर्वांना ठाऊक होते, आणि सर्वांना ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होते. तरी त्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नसे. यशस्वी माणसाला समाज एवढी सवलत देतोच.

एके दिवशी गुरूंकडे हर्षला नावाची तरुणी आली. एका साड्यांच्या व्यापाऱ्याच्या जाहिरातींसाठी ती साड्या नेसून उभी राहत असे, आणि ते फोटो हा शिष्य काढीत असे. आल्यावर तिने पासपोर्टचा फोटो काढायचा आहे असे सांगितले. काढून झाला तरी ती उठेना.

"काका," ती शेवटी म्हणाली, "आमचे फोटोवाले साहेब तुमचं ऐकतात ना?"

मग तिने सांगितले. दिवाळीच्या साड्यांचे काम सुरू होते. एक साडी बदलून ती उभी होती, पिना लावायच्या बाकी होत्या, पदर खाली होता. शिष्य म्हणाला, "असू दे पदर तसाच. मी फक्त उजेड पाहतोय. पिना मग लाव. चालेल ना?" ती म्हणाली, "हो." उजेड पाहण्यापुरते काढलेले फोटो कोणाला दाखवायचे नसतात, हा त्या धंद्यातला रिवाज तिलाही माहीत होता. पण व्यापाऱ्याने नेमका तोच फोटो पसंत केला होता.

"आमच्या गावात शेठजींचं नवीन दुकान निघतंय. एस.टी. स्टँडवर मोठा बोर्ड लागणार आहे त्याच फोटोचा. स्टँडच्या समोर बाबांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. दिवसभर तोंड तिकडेच." ती थोडी हसली. हसण्यासारखे काही नव्हते, पण फोटोसाठी उभे राहणाऱ्यांना ती सवय लागते. "तेवढा एक फोटो बदलायला सांगाल? पण मी तक्रार केली असं नको व्हायला. मग मला कोणीच बोलावणार नाही."

"तुझं नाव मी घेणार नाही," गुरूंनी शब्द दिला.

दुसऱ्याच दिवशी शिष्य आपण होऊन आला. बरोबर तो साड्यांचा व्यापारीही होता. शिष्याने काखेतून एक मोठे छायाचित्र काढले आणि अदबीने टेबलावर ठेवले. अर्धी वळलेली मान, हातात पिन, खांद्यावरून ओघळलेला पदर. चेहऱ्यावर कोणी आपल्याकडे पाहत नाही अशी निर्धास्तता.

"गुरुजी, यंदा मुख्य भिंत मिळावी अशी इच्छा आहे. माझ्या हातून इतकं नैसर्गिक काम पूर्वी झालं नव्हतं."

"एक नंबर फोटो!" व्यापारी म्हणाला. "साडी कमी दिसते म्हणा. पण माणसं थांबतील."

गुरूंनी छायाचित्राकडे बराच वेळ पाहिले. "हिला विचारलं होतंस?"

"म्हणजे काय! सगळ्यांदेखत विचारलं. हो म्हणाली. मेकअप करणारी बाई साक्षीला आहे."

गुरूंनी उठून दिवे लावले. सवयीने शिष्य माठ आणायला वळला. गुरू म्हणाले, "माठ राहू दे. आज तू बस स्टुलावर. प्रदर्शनात कलावंताचाही फोटो लागतो. जरा उजेड पाहू."

शिष्य प्रसन्न झाला. म्हणजे भिंत मिळणार. तो ऐटीत बसला.

"चष्म्यावर दिवा चमकतोय. काढतोस?"

"हो, गुरुजी."

गुरूंनी कॅमेऱ्यातून पाहिले, मान हलवली, आणि त्याच शांत आवाजात म्हणाले, "कपाळावर सावली पडतेय. तो केसांचा टोप काढतोस का? उजेड पाहण्यापुरता."

व्यापाऱ्याने छताच्या पंख्याकडे पाहायला सुरुवात केली. शिष्याचा हात केसांकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग भिंतीचा विचार त्याच्या मनात आला असावा, कारण तो म्हणाला, "हो." आणि दोन्ही हातांनी त्याने टोप उतरवून मांडीवर घेतला.

गुरूंनी बटण दाबले.

"अरे वा!" व्यापाऱ्याला आता राहवेना. "गुरुजी, हा मला मोबाईलवर पाठवाच. आमच्या ग्रुपवर टाकतो!"

"गुरुजी," शिष्य हळूच म्हणाला, "तेवढा पुसाल?"

गुरूंनी तत्क्षणी फोटो पुसला आणि कॅमेरा त्याच्या हाती देऊन खात्री करून घ्यायला लावली. मग ते त्याच्यासमोर बसले.

"मी तुला आज्ञा केली नाही. विचारलं. तू 'हो' म्हणालास. तुला टोप काढायचा होता म्हणून? तुझं काहीतरी माझ्या हातात अडकलंय म्हणून. ज्याच्या हातात आपलं अडकलेलं असतं, त्याच्या प्रश्नातच उत्तर भरलेलं असतं. आपण ते फक्त परत करतो. आणि तो चारचौघांत सांगतो, बघा, तीच हो म्हणाली. मी माठ का ठेवतो, याचं तुम्हा मुलांना हसू यायचं. त्या स्टुलावर बसलेलं माणूस मी म्हणेन ते करतं रे. मला त्याची भीती वाटते. तुला वाटायची थांबली." जरा थांबून ते म्हणाले, "तू पुसा म्हणालास, मी पुसला. तुला म्हणायला मी तरी होतो."

शिष्य मान खाली घालून ऐकत होता. मांडीवरचे केस तो बोटांनी नीट करीत होता. थोड्या वेळाने त्याने वर पाहिले, आणि प्रथमच त्याच्या आवाजात यशाचा लवलेश नव्हता.

"शेठ, हा फोटो नको लावू या. मी दुसरा देतो."

"का बरं? पोरीने तक्रार केली?"

"तक्रार कोणाचीही नाही," गुरू घाईने म्हणाले. "मला फोटो आवडला नाही."

"तुम्हाला आवडून काय करायचंय, गुरुजी? साडी तुम्ही नेसणार आहात?"

"तिला नको असेल हो," शिष्य म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता.

"असेल? मग तिलाच विचारू की. विचारायला काय जातं?" व्यापाऱ्याने मोबाईल काढला, स्पीकर लावला आणि टेबलावर त्या छायाचित्राशेजारीच ठेवला. "काय हर्षला, जेवलीस का?"

"हो शेठजी."

"तुझे फोटोवाले साहेब म्हणतायत, तो पदराचा फोटो तुला नकोय. तसं काही असलं तर मोकळेपणानं सांग हं, आपल्यात जबरदस्ती नाही. लगीनसराईच्या शालूंना कोणाला घ्यायचं तेही उद्या ठरवतोय, म्हणून म्हटलं आत्ताच विचारावं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी गॅस बंद केला.

"नाही शेठजी. चालेल."

शिष्याने डोळे मिटून घेतले. हा आवाज त्याने अनेकदा ऐकला होता, आणि आजपर्यंत त्याला ती संमती वाटत आली होती. थोड्या वेळापूर्वी तोच आवाज त्याच्या स्वतःच्या घशातून निघाला होता.

गुरूंनी पुढे वाकून मोबाईल उचलला. "हर्षला, मी बोलतोय. तुला नको असेल तर नाही म्हण. मी इथं बसलोय."

"काका?" ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत त्यांना."

"नाव नाही घेतलं गं मी."

"बरं. मी नाही म्हणते. मग शालूंचं काम तुम्ही द्याल?"

गुरूंच्या हयातीत पुष्कळ लोक त्यांच्याकडे प्रश्न घेऊन आले होते, आणि बहुतेकांना उत्तर मिळाले होते. या प्रश्नावर ते नुसतेच मोबाईल धरून राहिले.

"मग असू द्या," ती म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते.

व्यापाऱ्याने मोबाईल खिशात टाकला. "बघा! पोरगी समजूतदार आहे. तुम्हा कलावंतांचंच काहीतरी असतं," असे म्हणून, छायाचित्र काखेला मारून तो पायऱ्या उतरला. छापखाना बंद व्हायच्या आत त्याला पोहोचायचे होते.

दिवे अजून जळतच होते. शिष्याने विचारले, "आता काय करायचं, गुरुजी?"

"आता काही नाही. तुला ऐकू यायला लागलं, एवढंच झालं."

"त्याचा तिला काय उपयोग?"

"काहीच नाही," गुरू म्हणाले.

दिवाळीपूर्वी त्या गावाच्या स्टँडवर बोर्ड चढला. समोरच्या दुकानातल्या घड्याळजींनी आपली खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. आता गिऱ्हाईक आले, की ते पाठमोरेच हात मागे करतात आणि घड्याळ घेतात.

ज्यांच्या शब्दावर दुसऱ्याचे काम अवलंबून आहे, त्यांनी हा दृष्टांत ध्यानी ठेवावा. हर्षलाला तो कोणी सांगायची गरज नाही.