फोर्क कुणाच्या वजनाचा

“एकशेवीस पुरेल, बाई, की एकशेचाळीसचाच घ्यायला हवा होता?”

बर्गेबाईंनी भाजलेली शेंग फोडली. दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारून सालं उडवली.

“कशाला पुरेल?”

या एका प्रश्नानं दिवाळीपासून शर्वरीच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. त्याच्यावर कुणी असा उलटा प्रश्न टाकेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

प्रश्न होता सायकलच्या फोर्कचा. पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये धरलेलं असतं, तो फोर्क. डोंगरात चालवायच्या सायकलींना सस्पेन्शनचा फोर्क लावतात. त्याच्या पायांत हवा नाहीतर स्प्रिंग असते. चाक दगडावर आदळलं की पाय आत दबतात आणि धक्का तिथंच जिरतो. किती मिलिमीटर दबतात त्यावर तो शंभरचा, एकशेवीसचा, एकशेचाळीसचा. दिवाळीआधी शर्वरीला यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. आता ती झोपेतही सांगू शकली असती. म्हणजे, झोप आली असती तर.

दिवाळीच्या सुट्टीत तिची लेक कावेरी डोंगरावरच्या याच उतरणीवर पडली होती. सायकल साधी होती, न दबणाऱ्या फोर्कची. हनुवटीला टाके पडले. टाके काढले त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच पोरीनं विचारलं, “आता बाईंकडे कधी जायचं?”

“चांगला फोर्क आणल्यावर,” शर्वरी म्हणाली होती. तिला वाटलं, तोवर विसरेल. नऊ वर्षांची मुलं विसरतात, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. शर्वरी बरंच काही कुठंतरी वाचायची.

कावेरी विसरली नाही.

“कशाला पुरेल, म्हणते मी.”

“पडली तर लागू नये... एवढ्याला.”

“तेवढा लांब अजून निघत नाही,” बाई म्हणाल्या.

साताऱ्याच्या कॉलेजात बाईंनी हयातभर पदार्थविज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्या गावामागच्या डोंगरावर येऊन बसू लागल्या, आणि मुलांना सायकलवरून उतरायला शिकवू लागल्या. उतरण वाईट होती. मुरूम, सुटे गोटे, मधे एक वाकडं वळण आणि वळणाखाली घाणेरीचं रान. तिथं पडणाऱ्याला मुलं ‘घाणेरीत गेला’ म्हणायची. बाई कुणाला शाबास म्हणत नसत. मुलं त्यांना घाबरायची नाहीत, आईबाप घाबरायचे.

त्यांचा एक नियम होता. नव्या सायकलीला त्या हात लावत नसत. जो आणेल, त्यानंच ती पोरासाठी जुळवून द्यायची. बाई बघायच्या.

“निवडलास कसा?”

शर्वरी सरसावली. या प्रश्नाची तिनं तयारी केली होती. हवेचा की स्प्रिंगचा, दांड्या किती जाड, वजन किती, कुठल्या देशातली कुठली आई काय म्हणते...

“ते वाचलंस. निवडलास कसा?”

“दुकानात दोन होते, नव्या सायकलींना लावलेले. दोन्ही दाबून बघितले.”

“कुणी?”

“मीच. असा हँडलवर सगळा भार टाकून. एक होता तो भसकन खाली गेला, तळाशी ठक् वाजला. अगदीच तकलादू. आणि हा बघा...” तिनं दाबून दाखवलं. फोर्क अलगद खाली गेला, अलगद वर आला. “लोणी आहे, बाई. लोणी.”

“हं. आणि हिनं कुठला निवडला?”

कावेरी हेल्मेटचा पट्टा लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती.

“मी तो ठक्वालाच म्हणत होते,” ती म्हणाली. “आई म्हणाली, तुला काय कळतं.”

“असं नाही म्हटलं हं मी.”

“‘मोठी झालीस की कळेल’ म्हणालीस.”

“मग? ते वेगळं.”

बाईंच्या तोंडाची एक बाजू किंचित हलली. हसू असेल, नाहीतर दाताखाली साल आलं असेल.

“शर्वरी, फोर्कच्या दांडीवर काळी रबरी कडी आहे बघ. ती पार खाली सरकव. कावेरी, चढ.”

कडीचं काम शर्वरीला माहीत होतं, तेही वाचलेलं. फोर्क जितका दबेल तितकी कडी वर ढकलली जाते आणि तिथंच राहते. तिनं कडी खाली सारली. कावेरी सायकलवर चढली.

“पेडलवर उभी राहा. मार उड्या.”

कावेरीनं उड्या मारल्या. सगळी सायकल हिंदकळली.

कडी जागची हलली नाही.

“अजून.”

पोरगी लाल होईतो उड्या मारत राहिली. कडी नखभर सरकली असेल. तेही बघणाऱ्याच्या मनात.

“अडकलाय वाटतं,” शर्वरी म्हणाली. तिनं लेकीला उतरवलं, स्वतः भार टाकला. फोर्क अलगद खाली गेला. कडी सरसर वर आली. “नाही... चालतोय की.”

“तुला चालतोय.”

शर्वरीनं कडी पुन्हा खाली सारली.

“तुझ्या वजनाला लोणी,” बाई म्हणाल्या, “तिच्या वजनाला पाटा.”

खालून कुणाच्या तरी सायकलीचा खडखडाट आला आणि थांबला. शर्वरीचे कान तापले. एवढे पैसे, एवढी जागरणं, आणि जुन्या सायकलीसारखाच दगड तिनं नव्या सायकलीला लावून आणला होता. नुसता चकचकीत.

“बदलून आणते,” ती घाईघाईनं म्हणाली. “दुकानदार बदलून देईन म्हणालाय. आज राहू दे. पुढच्या रविवारी...”

बोलता बोलता तिला कळलं की आपल्याला बरं वाटतंय. चांगलंच बरं वाटतंय.

बाईंनाही ते कळलं असावं. त्यांनी शेंगांची पुरचुंडी बाजूला ठेवली.

“फोर्क वाईट नाही. हवेचा आहे ना?”

“हो.”

“मग हवा सोड.”

“मी?”

“आणला कुणी?”

शर्वरीनं वरचं टोपण काढलं. आत बारीक खिळा होता. तिनं नख लावलं. स्स्... तिनं बोट झटकन मागे घेतलं, चटका बसल्यासारखं.

कावेरी चढली. उड्या. कडी थोडी सरकली.

“अजून सोड.”

स्स्...

“पुरे, बाई?”

“मला काय विचारतेस? कडी बघ.”

स्स्... दर वेळी तिचं बोट जरा लवकरच उचललं जात होतं. कुणी सांगितलं असतं तर तिनं कबूल केलं नसतं, पण त्या बारीक आवाजाबरोबर पोरीच्या अंगावरून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं तिला. पांघरूण म्हणा. थंडीत.

“अजून.”

“बाई, एवढी हवा गेली तर राहिलं काय आत?”

“तिच्यापुरती.”

स्स्स्...

कावेरीनं उडी मारली, आणि सायकलचं तोंड एकदम खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. कडी चांगली वर चढून बसली.

“हलतोय! आई, हा हलतोय! बघ ना, माझ्यानं हलतोय!”

“उतर,” बाई म्हणाल्या. “शर्वरी, आता तू दाब.”

शर्वरीनं हँडलवर भार टाकला. फोर्क भसकन खाली गेला.

ठक्.

ती तशीच वाकून उभी राहिली.

“हा तर... मी नको म्हटलेला, तसाच झाला.”

“झाला खरा.”

“हाताला बरोबर नाही लागत हा, बाई.”

“तुझ्या हाताला ना? नाही लागणार.”

“कधीच?”

बाईंनी पुरचुंडीतून एक शेंग काढली, फोडली नाही. समोरच्या डोंगरावर ऊन आलं होतं.

कावेरीनं मात्र कुणाची वाट पाहिली नाही. हेल्मेटचा पट्टा एकदाचा लावला, सायकल उतरणीच्या तोंडाशी नेली आणि चढून एक पाय जमिनीला टेकवला. पुढचं चाक निम्मं मातीवर, निम्मं पुढं. चाकाखालून एक गोटा सुटला, टणटणत वळणापर्यंत गेला, आणि घाणेरीत शिरला.

शर्वरी धावली. धावत जाऊन तिनं हँडल घट्ट धरलं.

हनुवटीवरचा वण अजून गुलाबी होता. उन्हात तर फारच.

“बाई...” तिनं मान वळवली. “पडली तर?”

बाई जागच्या हलल्या नाहीत.

“बसलीय कोण?”

...

‘पडली तर?’ हा प्रश्न शर्वरीनं डॉक्टरांना विचारला होता. नवऱ्याला विचारला होता, दुकानदाराला विचारला होता. जगाच्या पाठीवरच्या, नाव-गाव माहीत नसलेल्या आयांना विचारला होता. हिला विचारायचं राहून गेलं होतं.

“कावू...” ती म्हणाली. “पडलीस तर?”

‘नाही गं पडणार’ म्हणेल. तेवढं ऐकायला ती तयार होती. खोटं असलं तरी चाललं असतं.

कावेरीनं खाली वळणापर्यंत बघितलं. नीट, सावकाश बघितलं. मग हँडलवरच्या आईच्या हाताकडे बघितलं, आणि त्याची बोटं सोडवायला घेतली. एकेक करून. करंगळी शेवटपर्यंत सुटेना, तीही सोडवली.

“पडले तर लगेच धावत येऊ नको हं, आई,” ती म्हणाली. “आधी मला बघू दे, कुठं लागलंय ते.”